घरची गाडी

कारखाना बंद व्हायच्या दिवशी सकाळी आप्पांनी टाय मागितला, तेव्हाच सुनेच्या लक्षात आलं की आज काहीतरी निघणार. आजारपणानंतर आप्पा घरच्या कपड्यांतच असत. डॉक्टर आले तरी वरून शाल ओढून भागवत. आणि आज कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. बुटांच्या नाड्या तिनंच बांधल्या. वाकलेली असताना वरून त्यांचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा, आणि म्हातारा तर मघापासून खुर्चीत बसून होता.

"कुणावर छाप पाडायचीय एवढी?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणून जायचं तर नीटनेटकं जावं," आप्पा म्हणाले.

सुनेनं ते सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक वाक्यामागं धावत बसलं तर घरातली बाकीची कामं कुणी करायची?

खाली टेबलाशी सगळे आधीच जमले होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. थोरला, तिचा नवरा, चहाच्या कपाकडं बघत होता. गेले सहा महिने तो वाटाघाटी करत होता. पलीकडच्या देशातली कंपनी जागा घेणार, शेड घेणार, यंत्रं भंगारात जाणार, कामगारांचं काय ते ठरणार. या सगळ्यानं तो इतका दमला होता की हल्ली कुणी हाक मारली तरी त्याला राग यायचा. त्याच्यासमोर आप्पांची मुलगी, धाकटी. ती इंजिनियर, आणि दहा वर्षांपूर्वी घरचा कारखाना सोडून नेमकी त्याच कंपनीत नोकरीला गेलेली. घरात तेव्हा जे काही बोललं गेलं ते कुणी विसरलं नव्हतं, पण आता उकरून काढायलाही कुणाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. काल संध्याकाळी ती आली आणि तिच्या जुन्या खोलीत झोपली. बॅग अजून उघडलीसुद्धा नव्हती.

टेबलाच्या टोकाला आत्या, आप्पांची धाकटी बहीण, करड्या रंगाचा कोट घालून. त्या कोटाच्या खिशात पिवळा खडू असायचा. कारखान्यात तयार झालेली प्रत्येक गाडी शेवटी आत्याच्या पुढ्यात यायची आणि आत्या तिच्या पुढच्या काचेवर एक तर गोल काढायची, नाही तर फुली मारायची. गोल म्हणजे पास. फुली म्हणजे परत. कामगार तिला पाठीमागं फुलीबाई म्हणत, आणि आत्याला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. तिच्या निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलं होतं, पण ही गोष्ट तिला सांगायची कुणी, यावर कारखान्यात कधी एकमत झालं नाही.

"आज शेवटची गाडी बाहेर पडणार ना?" आप्पांनी बसता बसता विचारलं.

"दुपारी," थोरला म्हणाला. "आत्यानं बघितली की झालं. मग ते लोक न्यायला येतील."

शेवटची गाडी कंपनीनं मागून घेतली होती. नव्या कारखान्याच्या फाटकाशी काचेची खोली बांधायची, तिच्यात ही गाडी ठेवायची आणि बाहेर आप्पांच्या नावाची पाटी लावायची. हे धाकटीनं तिकडं भांडून मिळवलं होतं. थोरल्यानं तिला त्याबद्दल शाबासकी दिली नाही, पण तो नाहीही म्हणाला नाही.

"आणि रांग?" आप्पांनी विचारलं.

कुणाला काही कळेना.

"रांगेत किती माणसं आहेत?"

"कसली रांग, आप्पा?" थोरला म्हणाला. "आता कोण उभं राहतंय? संपली ती."

"एकही नाही?"

"एकही नाही."

आप्पांनी मान हलवली आणि चहाचा घोट घेतला. "मग ही गाडी मी घेतो," ते म्हणाले. "पास झाली तर."

टेबलावर असं काही शांत झालं की स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं.

हे चौघं गप्प का झाले हे कळायला थोडं मागं जावं लागेल. महायुद्ध संपलं तेव्हा शहराबाहेरच्या मैदानात लष्कराचे ट्रक टाकून दिलेले होते. कुणाची चाकं गेलेली, कुणाचं तोंड फुटलेलं. आप्पा तेव्हा विशीतले मेकॅनिक. त्यांनी दोन-तीन ट्रक मोडून एक चालता करायचा धंदा सुरू केला, आणि एके दिवशी ट्रकचाच गिअरबॉक्स कापून, वर पत्रा ठोकून चक्क मोटार उभी केली. देशाला गाड्या हव्या होत्या, बाहेरून आणायला बंदी होती, आणि बनवायचा परवाना सरकार हात आखडून देत होतं. त्यातला एक आप्पांच्या पदरात पडला. पुढं आयुष्यभर एकच गाडी. पुढची जाळी बदलली की नवीन मॉडेल म्हणायचं. लोक तरी कुठं कुरकुर करत होते! पैसे भरायचे, रांगेत नाव लावायचं आणि वाट बघायची. मुलगी जन्मली म्हणून नाव लावणारे होते, आणि गाडी दारात येईपर्यंत त्या मुलीचं लग्न ठरलेलं असायचं.

त्या रांगेपायी घरात नुसती रीघ. कुणी अधिकाऱ्याचा मेहुणा, कुणी मुलांच्या आईच्या माहेरचा. सगळ्यांचं एकच, आमचं तेवढं पुढं सरकवा. आप्पा वैतागले आणि त्यांनी नियम करून टाकला. रांगेत एक जरी माणूस उभा असेल, तोवर आपल्या घरात पास झालेली गाडी येणार नाही. घरी येईल ती नापास, म्हणजे दुरुस्त करूनही जिचं काही होत नाही आणि जी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायला मन धजत नाही ती.

झालं, मुलं अशाच गाड्यांत वाढली. एक होती मुकी, तिचा हॉर्न कधी वाजला नाही. थोरला खिडकीतून डोकं काढून ओरडायचा. एक होती तिरकी, तिला सरळ जायचं ठाऊक नव्हतं. एक रडकी, पाऊस बाहेर थांबला तरी तिच्या आत चालूच. आणि एक उघडी. तिचं मागचं दार लागायचंच नाही, म्हणून तिथं बसेल त्यानं ते घरापासून शाळेपर्यंत हातानं धरून बसायचं. ती जागा धाकटीची होती. थंडीत तिची बोटं अशी गारठायची की शाळेत पहिला तासभर तिला पेन्सिल धरता यायची नाही. शेजारीपाजारी हसायचे. मोटारीचा कारखाना यांचा, आणि यांच्याच गाडीला धक्का मारायला गल्ली गोळा होते.

आई एकदाच म्हणाली होती, "अहो, एकदा मला सरळ चालणाऱ्या गाडीतून न्या." आप्पा म्हणाले, "रांग संपू दे. पहिली गाडी तुझी." रांग काही संपली नाही, आई गेली. तिला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही तिरकीतूनच, सगळा रस्ता स्टिअरिंगचं चाक एका बाजूला दाबून धरून. त्यानंतर बाहेरच्या कंपन्या आल्या, लोकांना त्यांच्या गाड्या आवडल्या, आणि रांग पावसाळा सरल्यावर चिखल वाळून जावा तशी जवळजवळ नाहीशी झाली. तेव्हाही आप्पांनी नियम बदलला नाही. कारण कुठल्या ना कुठल्या गावी एखादं नाव लागलेलंच असायचं.

"मला काही अडचण नाही," धाकटी पहिल्यांदा बोलली. "मी त्यांना कळवते. काचेची खोली नाही तर नाही."

सून तिच्याकडं बघतच राहिली. या नणंदेची आणि तिची कधी फारशी गट्टी नव्हती. पण आत्ता उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं.

आणि ज्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती तो थोरला म्हणाला, "नको."

"नको म्हणजे?" सुनेनं विचारलं.

"शब्द दिलाय त्यांना. आप्पा, तुम्ही आता गाडी घेऊन करणार काय? चालवायला डॉक्टरांची बंदी. पाटी लागेल, नाव राहील..."

"नाव घेऊन मी कुठं बसू?" आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मला एकदा चांगल्या गाडीत बसून घरी यायचंय. तुझ्या आईला कबूल केलं होतं. ती नाही, तर निदान मी."

"अहो, तुमचं बिघडलंय काय?" सून नवऱ्यावर उखडली. "त्यांनी आजवर तुमच्याकडं काही मागितलंय? ही तुमची बहीण तिकडची नोकर असून हो म्हणते, आणि तुम्ही मुलगा असून आडवे येता?"

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला होता. खुर्ची मागं सारून तो उठला आणि निघून गेला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"तो दमलाय," आत्या म्हणाली. "सगळेच दमलोय. दादा, एक सांगते. तू माझा भाऊ असलास तरी मी गोल उगाच काढणार नाही."

"तू काढला असतास तर मी गाडी घेतली नसती," आप्पा म्हणाले.

*

आत्याला शेडमध्ये शिरल्याबरोबर जाणवली ती शांतता. दाबयंत्रं गेली होती. ती जिथं होती तिथं जमिनीवर काळे चौकोन राहिले होते. गाड्यांचे सांगाडे ज्या लोखंडी चौकटीवर बसवून जोडत, ती चौकट मागच्याच आठवड्यात कापून भंगाराच्या ट्रकवर चढवली होती. आता एवढ्या मोठ्या शेडमध्ये दिव्यांच्या रांगेखाली एकच गाडी उभी, क्रीम रंगाची, आणि तिच्याभोवती उरलेले कामगार धुतलेले कपडे घालून आलेले. कुणाच्या घरचं कार्य असावं तसे.

मालकानं तपासणीच्या वेळी शेडमध्ये यायचं नाही, हा आप्पांचाच जुना नियम. म्हणून ते बाहेर पहारेकऱ्याच्या खोलीत बसले. सून त्यांच्याबरोबर. धाकटी मात्र आत्यामागं आत आली. थोरला लांब खांबाला टेकून उभा होता.

आत्यानं चष्मा पुसला आणि सुरुवात केली. आधी एक फेरी, पंजा पत्र्यावर सपाट ठेवून. रंग सुरेख होता. तिच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. मग ती आत बसली आणि काच खाली करायला गेली, तर फिरवायचं हॅंडल हातात आलं.

तिनं ते शेजारच्या सीटवर ठेवलं. हॉर्न दाबला. वाजला नाही. वायपर लावले, तर एकच हलला. पाठीमागची गादी एका बाजूनं वर आलेली. डिकीवरची कारखान्याची खूण उलटी. डॅशबोर्डमधल्या कप्प्याचं झाकण उघडेना. एक दिवा बॉनेटकडं बघत होता.

आत्या बाहेर आली. पन्नास वर्षांत तिनं आवाज चढवला नव्हता, कारण फुली मारण्यावर तिचं भागत असे. आज तो चढला.

"शेवटची गाडी," ती म्हणाली. "शेवटची. आणि हे काम? लाज नाही वाटली? शिकाऊ पोरं याहून बरं करतात! त्याला आज पहिल्यांदा पास गाडी घरी न्यायची होती, आणि तुम्ही त्याच्यापुढं हे ठेवता?"

कुणी मान वर करेना. मग गाद्या शिवणारा, ज्याला सगळे गादीवाला म्हणत, तो हळूच म्हणाला, "न्यायची होती म्हणजे? बाई, गाडी तर ते परदेशी नेणार होते ना?"

"मग?"

"मग म्हटलं, नापास झाली तर मोठ्या साहेबांकडं जाईल. म्हणून एक टाका सैल ठेवला. एकच. मला काय माहीत..." तो वायरमनकडं बघायला लागला.

"हॉर्न माझा," वायरमन म्हणाला.

"हॅंडल मी," तिसरा म्हणाला.

आणि मग एकेक करत सगळे. प्रत्येकाला वाटलेलं, आपली एक चूक पुरे. प्रत्येकानं शेजाऱ्यापासूनही लपवलं होतं. फुलीबाईच्या नजरेतून सुटू नये म्हणून एकानं तर खूण सरळ उलटीच लावली होती. गाडी म्हाताऱ्याच्या घरी जावी म्हणून सगळ्यांनी मिळून तिची वाट लावली होती. कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरा. धाकटी तोंडावर हात धरून हसायला लागली, आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

"हसता काय?" आत्या म्हणाली. पण तिचाही सूर उतरला होता. "चला. ज्यानं जे केलं ते त्यानं निस्तरायचं. दादा बाहेर बसलाय."

पुढचा काही वेळ शेड परत कारखान्यासारखी वाजली. पाने शोधले गेले, कुणी खाली सरपटलं, कुणी आत घुसलं. धाकटीनं बाह्या सारल्या आणि ती दिव्याशी लागली. वायरमन म्हणाला, "ताई, तुमच्याकडं हे काम रोबो करतात म्हणे." ती म्हणाली, "करतात. पण रोबोला असली अक्कल नाही हो." सगळे पुन्हा हसले. कारखाना सोडल्यापासून पहिल्यांदा तिला इथं कुणी ताई म्हटलं होतं.

हॉर्न वाजला. वायपर दोन्ही हलले. आत्या पुन्हा पुढं झाली आणि तिनं दारं घेतली, एकेक. दार लावायचं आणि कान द्यायचा, ही तिची पद्धत. तिन्ही दारं लागली. चौथं, चालकाच्या शेजारच्या सीटचं, तिनं ढकललं आणि ते येऊन आदळलं आणि परत उघडलं. तिनं पुन्हा ढकललं. वर उचलून, दाबून पाहिलं. दार लागेना.

तिनं बोट फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवलं. "दार नीट आहे," ती म्हणाली. "दाराचा खांब तिरका जोडलाय. हे कुणाचं?"

कुणीच हात वर केला नाही. वेल्डिंगचा म्हातारा, ज्याला ठिणगी म्हणत, जमिनीकडं बघत होता.

"ठिणगी?"

"जोडला मी," तो म्हणाला. "पण माझ्या मनानं नाही."

"माझ्या," शेडच्या खांबाकडून आवाज आला.

थोरला पुढं आला. त्याचे हात खिशात होते, लहानपणी काही फोडून आला की असायचे तसे. "मी सांगितलं त्याला. असा जोड म्हटलं की सुधारता येता कामा नये. त्या काचेच्या खोलीला मी तोंडावर नाही म्हणू शकलो नाही. सह्या झाल्या होत्या. म्हटलं, नापास झाली की आपोआप घरी येईल. नेहमीसारखी." त्यानं हात खिशातून काढले. "मला काय ठाऊक, ते आज सकाळी चांगली मागतील?"

धाकटी त्याच्याकडं बघत राहिली. सहा महिने ती समजत होती की या माणसाला बापाचं काही पडलेलं नाही, आणि तो समजत होता की हिला. "भाऊ," ती म्हणाली, "मला सांगायचंस ना रे."

"तू तिकडची होतीस."

तिनं हातातला पाना खाली ठेवला.

"ठिणगी, नीट नाही व्हायचं?" आत्यानं विचारलं.

"कापून काढावा लागेल, बाई. परत बसवायला चौकट पाहिजे. चौकट..." त्यानं तिच्या रिकाम्या जागेकडं हात केला.

"आत्या," थोरला म्हणाला, "काढ ना गोल. एकदाच. त्यांना दार मी लावून देईन, धरून बसेन. त्यांना कळायचं नाही."

"त्याला कळायचं नाही?" आत्या म्हणाली.

खडू तिच्या बोटांत होता. थोरला बघत होता, धाकटी बघत होती, कामगार बघत होते, आणि सगळ्यांना गोल हवा होता. आत्याला स्वतःलाही तो हवा होता. भावानं मागून मागून काय मागितलं होतं? तिनं हात काचेपर्यंत नेला. तिला सकाळचं त्याचं वाक्य आठवलं, तू काढला असतास तर मी गाडी घेतली नसती. हात खाली आला.

"आण त्याला आत," ती धाकटीला म्हणाली.

*

आप्पा सुनेच्या हाताला धरून आले. काचेवर काही नव्हतं, ना गोल ना फुली. ते त्यांनी लांबूनच पाहिलं. कामगारांनी वाट करून दिली. आप्पा कुणाच्या खांद्याला, कुणाच्या दंडाला हात लावत, थांबत, गाडीपाशी पोचले.

क्रीम रंग. याच रंगाची पहिली गाडी त्यांनी भाड्याच्या अंगणात रंगवली होती, आणि बायकोनं पदर खोचून डबा धरला होता. गाडी सुंदर होती. इतकी सुंदर त्यांच्या हातून कधी झाली होती असं त्यांना आठवेना. त्यांनी दाराला हात घातला, शेजारच्या सीटच्या, कारण आता त्यांची जागा तीच. दार उघडलं आणि अर्धं लावून पाहिलं, आणि थांबले.

हाताला कळलं होतं.

"खांब," ते म्हणाले.

"हो, दादा," आत्या म्हणाली.

"कुणी?"

"मी," थोरला म्हणाला. त्यानं सगळं सांगितलं, भराभर, मध्ये न थांबता. हॉर्नचं, टाक्याचं, हॅंडलचंही सांगितलं. कामगार एकमेकांच्या मागं सरकत होते.

आप्पा ऐकून घेत होते. त्यांना आधी हसू येणार होतं, आलंच होतं जवळजवळ. मग ते गेलं. पाय दुखत होते. ते उघड्या दारातून सीटवर बसले, पाय बाहेर ठेवून. इतक्या सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी हे केलं होतं. रागवायचं कुणावर?

"चूक तुमची नाही," शेवटी ते म्हणाले. "बापाला चांगलं द्यायचं नसतं, हे मीच शिकवलं तुम्हाला. पन्नास वर्षं. तुम्ही तेच केलंत."

"आप्पा..." थोरला खाली बसला, त्यांच्या बुटांपाशी. चांगला साठीला आलेला माणूस. त्याला हुंदका आवरेना. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"तुझ्या आईला मी एकदा तरी चांगल्या गाडीतून न्यायला हवं होतं," ते म्हणाले. "एक गिऱ्हाईक थांबलं असतं आठवडाभर. काय आभाळ कोसळलं असतं? पण मला वाटायचं, मी फार मोठा." मग ते बहिणीकडं वळले. "मार फुली."

"दादा, नको ना. मी काही न काढताच..."

"मार. तुझं काम अर्धं ठेवू नकोस."

आत्यानं मारली. दोन रेघा. खडू मध्येच तुटला आणि उरलेला तिनं खिशात टाकला.

*

थोरला स्टिअरिंगवर बसला. शेजारी आप्पा. मागं आत्या आणि सून, आणि आप्पांच्या बरोबर मागं धाकटी. काच खाली करून तिनं हात बाहेर काढला आणि पुढचं दार बाहेरून धरलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"दोरी बांधू का?" ठिणगीनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मला सवय आहे."

फाटकातून गाडी बाहेर पडली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागं कामगार उभे होते आणि गाडी वळेपर्यंत उभेच राहिले. रस्ता नव्या गाड्यांनी भरलेला. त्यांच्यात ही जुन्या वळणाची क्रीम रंगाची मावशी, कपाळावर पिवळी फुली घेऊन. चौकात शेजारच्या गाडीतली माणसं वाकून बघायला लागली. थोरल्यानं सवयीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मग आठवून हॉर्न दाबला. हॉर्न खणखणीत वाजला. सुनेला हसू फुटलं.

आप्पा समोर बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "दार सोडलं, तर बाकी पास होती का गं?"

रस्त्यावरची तपासणी राहिली होती. दार अडलं तिथंच ती थांबली होती. "हो" म्हणणं सोपं होतं, आणि तिनं म्हटलं असतं तर गाडीतल्या कुणीही तिला अडवलं नसतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून घर यायचंय."

मग ती पुढं सरकून बसली आणि ऐकायला लागली. "गिअर बदल," ती थोरल्याला म्हणाली. "पुन्हा. आता त्या उतारावर ब्रेक लाव. हळू नाही, लाव." थोरला सांगितलं तसं करत गेला. "चाक सोड." त्यानं चाक सोडलं. दवाखान्याजवळचा तो लांब सरळ रस्ता होता, आणि गाडी कुणी न धरता सरळ जात राहिली. आप्पांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. धाकटीची बोटं वाऱ्यानं गार पडली होती. तिनं हात बदलला नाही.

घर आलं. थोरल्यानं इंजिन बंद केलं.

"बाकी पास, दादा," आत्या म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

आप्पांनी मान हलवली. ते उठायची काही हालचाल करेनात. समोर काचेवरची फुली आतून उलटी दिसत होती, आणि फुली उलटी काय नि सुलटी काय, सारखीच दिसते. सुनेनं रुमाल काढून डोळे पुसले.

"आप्पा," धाकटीनं मागून विचारलं, "दार सोडू का?"

"राहू दे थोडा वेळ," आप्पा म्हणाले.